इंगेयर्दच्या हातून न पडलेली टेप

इंगेयर्द व्रेटलिंगच्या अंत्यविधीनंतर चर्चच्या सभागृहात कॉफी होती. रेकॉर्ड कंपनीचा स्टेलान उभा राहिला, त्यानं कपावर चमचा वाजवला आणि म्हणाला, "चाळीस वर्षांत हिच्या हातून एकच टेप निसटली. आणि ती कुठली? 'पलीकडच्या बेटावर' या गाण्याची!" सगळे हसले. प्रेमानंच हसले. तिची भाचीसुद्धा डोळे पुसत हसली. माझ्या बशीत कोळंबी घातलेल्या सँडविच-केकचा तुकडा होता, तो मी काट्यानं इकडून तिकडे सरकवत राहिलो. उठून बोलायला हवं होतं. उठलो नाही. म्हणून हे लिहायला बसलो आहे. लिहिण्याची सवय नाही, तेव्हा मागचंपुढचं होईल.

इंगेयर्द आमच्याच इमारतीत राहायची, तिसऱ्या मजल्यावर. मी दुसऱ्या. तिचं लग्न झालं नव्हतं, माझं झालं होतं आणि मोडलं होतं. शनिवारी अकराला आम्ही तिच्या स्वयंपाकघरात कॉफी प्यायचो, हे तीस वर्षं चाललं.

ती कंपनीच्या तळघरात मूळ टेपा सांभाळायची. नोरिता या गटाची गाणी तेव्हा जगभर वाजत होती, आणि ती जिच्यावरून वाजत होती ती प्रत्येक टेप त्या तळघरात हिच्या ताब्यात होती. खोक्यावरचा आकडा ती पेन्सिलीनंच लिहायची. शाई पाझरते म्हणायची. दालचिनीचा बन घेऊन कुणी दारात उभं राहिलं तर त्याला बनसकट परत पाठवायची. एकदा नोरिताचा बास वाजवणारा स्वतः खाली आला आणि तासाभरासाठी टेप मागू लागला.

"अगं, गाणं मीच लिहिलंय," तो म्हणाला.

"लिहिलं असशील. इथे सही कर."

टेप उचलायची तिची एक रीत होती. दोन्ही तळवे खालून लावायची आणि मग चालायची, काचेच्या पेल्यांनी भरलेलं तबक न्यावं तशी. चाळीस वर्षांत एकही पडली नाही. एवढी एकच गोष्ट ती स्वतःबद्दल अभिमानानं सांगायची, तीही दुसऱ्यानं विषय काढला तर.

मी नोरिताच्या फिल्मा कापून जोडायचो. त्यांना सगळ्या देशांत जाऊन गाणं शक्य नव्हतं. मग गाण्याची छोटी फिल्म करायची आणि डबे पाठवून द्यायचे. ऑस्ट्रेलियात लोकांनी त्यांना असंच पाहिलं. 'पलीकडच्या बेटावर'ची फिल्म एप्रिलमधल्या एका दिवसात बोटींच्या एका धक्क्यावर केली. वारा असा होता की गाणाऱ्या इरीसचे दात वाजत होते. ओठ नीट हलत असलेले तुकडे शोधायला मला नऊ दिवस लागले. गाण्याची प्रत्येक ओळ, प्रत्येक ध्रुवपद फिल्मच्या किती चित्रांचं, म्हणजे फ्रेमांचं, आहे हे मोजून मी एका निळ्या वहीत लिहून ठेवलं होतं. या वहीचं पुढे काम आहे.

ज्याबद्दल लिहायचं ते चौऱ्याण्णव सालच्या सप्टेंबरात झालं. नोरिता कधीच फुटली होती, पण त्यांची गाणी नव्यानं सीडीवर काढायची होती. लंडनहून कॉलिन नावाचा तंत्रज्ञ मूळ टेपांवरून प्रत काढायला येणार होता. शुक्रवारी चारच्या सुमारास इंगेयर्द माझ्या दारात उभी राहिली. हातात रानफळं गोळा करायची टोपली, वर चहाचं फडकं.

"एवर्त, भट्टीत ठेवायचा थर्मामीटर आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. काय भाजते आहेस?"

"आत येऊ दे आधी."

तिनं दार लावून घेतलं आणि फडकं उचललं. आत टेपचं खोकं होतं. तिच्या पेन्सिलीचा आकडा मी ओळखला.

"इंगेयर्द, ही तळघरातली?"

"हो."

"बाहेर न्यायची नाही असं भिंतीवर लिहिलंय ना?"

"मीच लिहिलंय. मला माहीत आहे काय लिहिलंय ते."

त्या काळातल्या काही टेपांच्या लेपात हवेतली ओल मुरते. टेप चिकट होते, यंत्रावर किंचाळते आणि तपकिरी मळ सोडते. हलक्या उबेत सात-आठ तास ठेवली की काही दिवस नीट वाजते. या कामाची खास भट्टी शहरात एकच होती आणि तिथे तीन आठवड्यांची रांग होती. कॉलिन सोमवारी नऊला येणार होता. स्टेलान तेव्हा नवा साहेब. तो म्हणाला होता की मूळ टेप वाजली नाही तर जर्मनीसाठी काढलेली जुनी प्रत घेऊ. ती प्रत मी ऐकली होती. गोधडीखाली तोंड घालून गावं तशी.

"लोकांना काय कळतंय, असं म्हणाला तो," इंगेयर्द म्हणाली. "मूळ टेप माझ्याकडे असताना जगाला ती प्रत ऐकवायची? मग मी चाळीस वर्षं तिथे केलं काय?"

तिच्याकडे अळंबी वाळवायचं यंत्र होतं, आमच्याकडे बहुतेकांच्या घरी असतं तसलं. गोल, खालून उबदार हवा सोडणारं, एकावर एक जाळीच्या चकत्या. ही युक्ती परदेशातल्या लोकांनी केल्याचं तिनं एका मासिकात वाचलं होतं.

शनिवारी सकाळी सहाला तिनं यंत्र लावलं. मी नऊला वर गेलो तेव्हा ती स्टुलावर बसून थर्मामीटरकडे बघत होती. पन्नासच्या वर गेलं की झाकण किंचित सरकवायचं, खाली आलं की लावायचं. खोलीभर वाळलेल्या अळंबीचा वास. यंत्रात मावावी म्हणून तिनं टेपच्या रिळाच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या चकत्या काढून ठेवल्या होत्या. मधल्या कड्याभोवती नुसती गुंडाळलेली टेप जाळीवर उघडी पडली होती, काळ्या चपट्या केकसारखी.

"कॉफी?" मी विचारलं.

"आत्ता नको. तू पी."

मीही प्यालो नाही. दर दोन तासांनी ती वरून दुसरी जाळी ठेवून अख्खी टेप उलटायची, तेव्हा आम्ही दोघं श्वास रोखायचो. एकला तिनं यंत्र बंद केलं. टेप निवायला हवी होती. दोनला तिनं बोट लावून पाहिलं आणि पहिल्यांदाच हसली.

"चिकटत नाही. एवर्त, चिकटत नाही! जाळी इकडे आण, मी टेबल पुसते."

जाळी आण, असं म्हणाली होती ती. मी टेप उचलली. फिल्मचं रीळ उचलतात तशी, दोन्ही हातांनी कडेला धरून. फिल्म जाड असते, घट्ट बसलेली असते, जन्मभर मी ती तशीच उचलली होती. उबेनं सैल पडलेली टेप तशी उचलायची नसते, हे तिच्या तळघरातल्या कुणालाही माहीत होतं. मी तिच्या तळघरातला नव्हतो.

आधी मधलं कडं निघून पडलं. मग त्याच्यामागे टेप, वेटोळ्यांमागून वेटोळी, माझ्या हातांतून, गुडघ्यांवरून, लिनोलियमवर. आवाज जवळजवळ नाही. शेवटी माझ्या हातात काहीच उरलं नाही तरी मी हात तसेच धरून उभा होतो.

इंगेयर्द ओरडली नाही. "पाय हलवू नकोस," एवढंच म्हणाली. "आहेस तिथेच उभा राहा."

ती गुडघ्यांवर बसली, सुती हातमोजे घातले आणि माझ्या बुटांभोवतीची वेटोळी एकेक करून सोडवायला लागली. मग थांबली. तिच्या हातात एक सुटं टोक होतं. मग दुसरं. त्या काळी गाणं एकेक भाग करून पक्कं करायचे आणि ते भाग चिकटपट्टीनं जोडायचे. जुन्या पट्ट्यांचा डिंक उबेनं सुकला होता. सगळे जोड सुटले होते. टेपच्या सुरुवातीला असते त्या कोऱ्या हिरव्या पट्टीपासून शेवटच्या कोऱ्या लाल पट्टीपर्यंतचं गाणं आता नऊ तुकड्यांत जमिनीवर होतं.

"कुठला तुकडा कुठला?" मी विचारलं.

"ते ऐकल्याशिवाय कळणार नाही. आणि ऐकायचं यंत्र तळघरात आहे. शनिवारी तिथलं दार उघडलं की पहारेकरी वहीत लिहितो आणि स्टेलानला फोन करतो."

ती भिंतीला टेकून बसली. बासष्ट वर्षांची बाई, दोन्ही पाय समोर पसरून, मांडीवर नोरिताचं गाणं.

"प्रत घेतील ते," ती म्हणाली. "जर्मनीची. आणि ही कचऱ्यात जाईल, माझ्यामुळे."

तेव्हा मला निळी वही आठवली.

हिशोब सोपा होता. फिल्म सेकंदाला पंचवीस चित्रं धावते. ही टेप सेकंदाला अडतीस सेंटिमीटर. म्हणजे एका चित्राला दीड सेंटिमीटरहून किंचित जास्त टेप. माणसं वाजवतात तेव्हा कुठलेही दोन भाग अगदी सारखे होत नाहीत. तुकडे मोजायचे आणि वहीशी ताडून पाहायचे, ऐकायची गरज नाही. फक्त दहा-दहा मीटरचे तुकडे ताणून मोजायला जागा हवी.

ती जागा म्हणजे माळ्यावरची कपडे वाळवायची खोली, सगळ्या बिऱ्हाडांनी पाळीपाळीनं वापरायची. आम्ही स्वच्छ उशीच्या अभ्र्यात तुकडे घालून वर नेले आणि दोऱ्यांवरून सोडले. दोन-तीन मोजून झाले तोच किल्ली फिरली. चौथ्या मजल्यावरच्या डाग्नीबाई, वय ऐंशी, काखेत ओल्या चादरींची टोपली.

"तीन वाजले," त्या म्हणाल्या. मग वर बघितलं. "हे काय? सप्टेंबरात नाताळ?"

"डाग्नीबाई, जरा कामाचं आहे," मी म्हटलं.

"माझ्याही चादरी कामाच्याच आहेत. पाटीवर तीन ते सहा माझं नाव आहे. वाचता येतं ना?"

"तासभर फक्त."

"तासभर चादरी कुठे घालू? तुमच्या डोक्यावर?"

इंगेयर्द पुढे झाली. "डाग्नीबाई, या महिन्यातल्या माझ्या सगळ्या वेळा तुम्हाला."

"ऑक्टोबरच्यासुद्धा."

"ऑक्टोबरच्यासुद्धा."

डाग्नीबाईंनी टोपली खाली ठेवली आणि त्यावर बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "एक टोक धरायला माणूस कमी पडतंय तुम्हाला. द्या इकडे ते मोजे. माझे हात स्वच्छच असतात, पण द्या."

मग काम भराभर झालं. इंगेयर्द मोजपट्टीच्या शून्यावर, डाग्नीबाई टोकाला, मी मधे वही घेऊन. सुरुवातीचं संगीत जुळलं. दोन कडवी जुळली. टोकांच्या मागच्या बाजूला जोडणाऱ्यानं पेन्सिलीचे बाण काढले होते, त्यावरून तुकड्याचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं तेही कळत होतं. पहिलं ध्रुवपद आखूड होतं, ते लगेच सापडलं. सात तुकडे जागेवर बसले. उरले दोन, दुसऱ्या वेळचं ध्रुवपद आणि शेवटचं. एक नऊ मीटर एकतीस, दुसरा नऊ मीटर छत्तीस.

"वहीत काय आहे?" इंगेयर्दनं विचारलं.

वहीत दुसऱ्यापुढे सहाशे चौदा लिहिलं होतं. म्हणजे नऊ मीटर तेहतीस. एक तुकडा त्याहून दोन सेंटिमीटर आखूड, दुसरा तीननं लांब. आणि तिसऱ्यापुढे मी आकडा लिहिलाच नव्हता. तिथे दोन छोट्या रेघा होत्या, वरचंच समज अशा. सतरा वर्षांपूर्वी नवव्या दिवशी कंटाळून मारलेल्या.

"म्हणजे काय हे?"

"म्हणजे साधारण तेवढंच," मी म्हटलं.

"साधारण मला नको आहे, एवर्त."

दोघी माझ्याकडे बघत होत्या. मला काहीतरी म्हणायलाच हवं होतं. "लांब तुकडा शेवटचा. गाणारे शेवटी रेंगाळतात."

"नक्की?"

"नक्की."

"आमचे हे इतक्या ठामपणे बोलायचे," डाग्नीबाई म्हणाल्या, "तेव्हा हमखास रस्ता चुकलेला असायचा."

पाचपर्यंत आम्ही सगळं जोडून, हळूहळू गुंडाळून, चकत्या लावून टेप खोक्यात घातली. रविवारी मी घरी फिल्मची व्हिडिओ कॅसेट लावली आणि घड्याळ घेऊन दोन्ही ध्रुवपदं मोजत बसलो. बारा वेळा मोजली, बारा उत्तरं आली. पण एक दिसलं. दुसऱ्या वेळी शेवटच्या ओळीच्या आधी इरीसचे खांदे वर जातात. ती श्वास घेते, वाऱ्यात दम लागल्यासारखा. शेवटच्या वेळी घेत नाही, एका दमात गाते. टेपवर गाताना घेतला होता तसाच तिनं धक्क्यावर ओठ हलवताना घेतला होता.

मी वर जाऊन इंगेयर्दला सांगितलं.

"माहीत आहे मला तो श्वास," ती म्हणाली. "टेपवर ऐकू येतो. उद्या कळेल."

"आणि चुकलं असलं तर?"

"मग चुकलेलं असेल." तिनं खोकं टोपलीत नीट ठेवलं. रात्री ती झोपली असेल असं वाटत नाही. तिच्या पावलांचा आवाज माझ्या छतावर येत राहिला.

सोमवारचं मला तिच्याकडूनच कळलं. कॉलिननं खोकं उघडलं, वास घेतला आणि विचारलं, "या टेपला जंगलाचा वास का येतोय?" स्टेलान हसला. इंगेयर्द हसली नाही. टेप सुरू झाली. किंचाळली नाही, मळ सोडला नाही, नवी असल्यासारखी वाजली. पहिलं कडवं, ध्रुवपद, दुसरं कडवं. मग दुसऱ्या वेळचं ध्रुवपद आलं आणि इरीसनं शेवटची ओळ एका दमात गायली.

कुणाच्या लक्षात आलं नाही. स्टेलान हात चोळत म्हणाला, "झकास! उगीच घाबरत होतीस. आता घ्या प्रत."

"मी बाकड्यावर बसून होते," इंगेयर्द मला म्हणाली. "वाटलं, शेवटच्या वेळीही श्वास नसला तर? तर मीच चुकीचं ऐकत असेन, असं म्हणून गप्प बसता येईल. मग तो श्वास आला. गाणं संपायला अर्धं मिनिट होतं. लाल पट्टी येताना दिसत होती."

लाल पट्टी यायच्या आत ती उठली आणि म्हणाली, "थांबवा. दोन तुकडे अदलाबदल झालेत."

"कुठले तुकडे?" स्टेलाननं विचारलं. "ही टेप कधी तुटली?"

मग तिनं सगळं सांगितलं. टोपली, घर, अळंबीचं यंत्र. स्टेलानचा चेहरा पांढरा पडला. त्यानं विचारलं, "कुणाच्या हातून पडली?"

"माझ्या," ती म्हणाली.

कॉलिननं दहा मिनिटांत तुकडे बदलले आणि प्रत काढली. जाताना त्यानं म्हणे तिच्याशी हात मिळवला. स्टेलाननं दुपारी तिच्याकडून तळघराची किल्ली घेतली. निवृत्तीला अडीच वर्षं होती. ती कंपनीच्या वरच्या मजल्यावर बसून याद्या टाइप करत राहिली. टेपा दुसरे उचलायचे.

त्या संध्याकाळी ती हे सांगत होती तेव्हा मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंस?"

"मग तू तिथे काय करत होतास तेही सांगावं लागलं असतं. टेप घरी नेली हा एक नियम मोडला होता, बाहेरच्याच्या हाती दिली हा दुसरा कशाला सांगू? आणि तुला बोलावलं मीच."

"मी उद्या जातो स्टेलानकडे. सांगतो."

"जा," ती म्हणाली. "आधी कॉफी पी."

मी कॉफी प्यालो. दुसऱ्या दिवशी गेलो नाही. मग आठवडा गेला, मग ते आता सांगण्यासारखं राहिलं नाही असं मी स्वतःला समजावलं. तिनं पुन्हा कधी विषय काढला नाही. फक्त शनिवारी बनचं ताट उचलायला मी हात पुढे केला की म्हणायची, "राहू दे, ताट मी घेते." आणि हसायची. ते हसणं मला अजून नीट उलगडलेलं नाही.

ही पानं मी स्टेलानला पाठवतो आहे, एक प्रत तिच्या भाचीला. पाकिटांवर तिकिटं लावून झाली आहेत. गाणं अजून कधीकधी रेडिओवर लागतं. दुसऱ्या वेळच्या ध्रुवपदात, शेवटच्या ओळीच्या आधी, इरीसचा श्वास ऐकू येतो. तो तिथे आहे, कारण इंगेयर्द उठून उभी राहिली. टेप मी पाडली.